क्लबचा ‘आपली गाडी, आपला पाना’ दिवस : कोणती कामं घ्यावीत, कोणती टाळावीत?

रविवारची_फेरी, कोल्हापूर

नमस्कार मंडळी. मृगाच्या आधीच्या एखाद्या रविवारी आमच्या कार क्लबचा एक दिवस ठेवायचा विचार आहे. भाषणं नकोत, पडद्यावर दाखवणं नको. ज्याची गाडी त्यानेच पाना हातात धरायचा.

आतापर्यंत २६ गाड्यांची नावं आली आहेत. बहुतेक मारुती आणि ह्युंदाईच्या पेट्रोल गाड्या, ७ डिझेल, ४ सीएनजी आणि १ इलेक्ट्रिक. यातल्या निम्म्या लोकांनी अजून स्टेपनीसुद्धा स्वतः बदललेली नाही. शिरोली एमआयडीसीत एक रिकामी शेड मिळते आहे. आत काँक्रीटची जमीन आहे आणि एका वेळी ६ गाड्या मावतात. बाहेर पेव्हर ब्लॉक आहेत. वेळ सकाळी ८ ते दुपारी ४. शिकवायला ५ जाणकार तयार आहेत.

लोकांनी मागितलेली कामं अशी : इंजिन ऑइल आणि फिल्टर, एअर फिल्टर, एसीचा केबिन फिल्टर, ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, कुलंट, स्पार्क प्लग, बॅटरी, टायर आलटून-पालटून लावणं. एका दिवसात हे बसेल का? हत्यारं किती लागतील? आणि नेमकं कुठे चुकतं? संध्याकाळी प्रत्येक गाडी स्वतःच्या चाकांवर घरी गेली पाहिजे, एवढी एकच अट आहे.

---

उद्यमनगरचा_पाना

यादी चांगली आहे, पण निम्मी कापावी लागेल. आधी वेळेचा हिशोब बघा. पहिल्यांदाच पाना धरणाऱ्याला ऑइल आणि फिल्टर बदलायला, गाडी उचलणं-उतरवणं धरून, सव्वा तास लागतो. सुरुवातीच्या सूचना, जेवण आणि शेवटची तपासणी वजा केली की हातात साडेपाच तास उरतात. उचललेल्या प्रत्येक गाडीपाशी एक जाणकार पूर्ण वेळ उभा हवा, म्हणून शेडमध्ये ६ मावत असल्या तरी उचलायच्या चारच. चार जागा, चार फेऱ्या, म्हणजे १६ गाड्या. बाकी १० जणांना जमिनीवर उभं राहून होणारी कामं द्या. वॉरंटीतल्या गाड्या या दहांत टाका.

कामं निवडताना एकच गोष्ट बघा : चूक झाली तर ती शेडमध्येच दिसेल का? ऑइलचा नट ढिला राहिला तर पाच मिनिटांत खाली थेंब पडतो. केबिन फिल्टर उलटा बसला तर फार काही होत नाही. पण ब्रेकच्या लाइनीत हवा राहिली तर ती कधीकधी गगनबावड्याच्या उतारावर कळते. पहिल्या प्रकारची कामं सगळ्यांच्या हातात द्या. दुसऱ्या प्रकारची एकाच गाडीवर, जाणकाराने करून दाखवायची.

आता गाडी उचलण्याबद्दल. यात तडजोड नको.

गाडीसोबत येणारा कात्रीचा जॅक फक्त चाक बदलायला असतो. दिवसभराच्या कामाला ३ टनांचे ट्रॉली जॅक किमान २ आणि ३ टनांच्या घोड्यांच्या (उचललेली गाडी पेलून धरणाऱ्या लोखंडी स्टँडच्या) ४ जोड्या लागतील. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. त्याचं सील गळायला लागलं की गाडी आवाज न करता खाली बसते. म्हणून वजन घोडीवर उतरल्याशिवाय कोणाचं डोकंच काय, हातसुद्धा खाली जाता कामा नये. विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक घोडीऐवजी अजिबात नकोत, ते आधी तडा न दाखवता एकदम फुटतात.

क्रम असा ठेवा. गाडी सपाट जागी, पहिला गिअर, हँडब्रेक, मागच्या दोन्ही चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे. मागची बाजू उचलणार असाल तर ठोकळे पुढच्या चाकांना, कारण हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांना लागतो आणि ती हवेत गेली की त्याचा उपयोग संपतो. दाराखालच्या पत्र्याच्या कडेला दोन खाचा दिसतील, घोडीची जागा त्या दोन खाचांच्या मध्ये. चार बोटं इकडेतिकडे झाली तर पत्रा आत दबतो. दोन्ही घोड्या लागल्या की गाडीला बाजूने दोन्ही हातांनी चांगला हिसका द्या. हलायचीच असेल तर तेव्हाच हलू दे. चाक काढलं असेल तर ते आडवं करून दाराखालच्या कडेखाली सरकवून ठेवा.

पेव्हर ब्लॉकवर जॅक लावू नका. एखादा ब्लॉक खचला की घोडी तिरपी होते. सगळं उचलणं आतल्या काँक्रीटवरच.

आणि सर्वांत महत्त्वाचं : गाडीला हात लावू देण्याआधी प्रत्येकाला एक आटा तोडायला लावा. मी हे मनापासून सांगतोय. उद्यमनगरातल्या भंगारातून ॲल्युमिनियमचं एक टाकाऊ सिलिंडर हेड आणा आणि टेबलाला घट्ट बांधा. त्यात १० च्या पान्याचे म्हणजे ६ मिलिमीटर जाडीचे आणि १२ च्या पान्याचे म्हणजे ८ मिलिमीटर जाडीचे बोल्ट लावून ठेवा. प्रत्येकाने आधी ‘मला बरोबर वाटतं तेवढं’ आवळायचं. मग टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला टक्क वाजणारा पाना) १० न्यूटन-मीटरवर लावून १० च्या बोल्टवर ठेवायची. बोल्ट न हलता टक्क वाजलं तर रेंच १५ वर न्या, मग २० वर. बहुतेकांनी दुप्पट आवळलेलं असतं. कारण साधं आहे : पाना १५ सेंटिमीटरचा असेल तर १० न्यूटन-मीटरला हातावर ७ किलोसुद्धा जोर लागत नाही. एवढा जोर मनगटानेच येतो, खांदा लावायची गरजच नाही.

शेवटी तोच बोल्ट आटे जाईपर्यंत आवळायला सांगा. डोळ्यांवर चष्मा हवा. आधी पाना ताठ होत जातो, मग एकाएकी हाताला हलका लागतो आणि गोल फिरायला लागतो. तो हलकेपणा एकदा हाताला कळला की माणूस तो विसरत नाही. बोल्ट बाहेर काढा, त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची बारीक स्प्रिंगसारखी तार गुंडाळून आलेली दिसेल. ते म्हणजे हेडमधले आटे. ती तार सगळ्यांच्या हातात फिरवा. गाडीच्या चेंबरला (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याला) हेच झालं तर हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी) बसवून काम निभतं, पण त्या दिवशी ती गाडी टो करूनच न्यावी लागेल.

---

तेरा_चौदा

वरचं सगळं मान्य. ऑइलचं काम मी नीट मांडतो, कारण १६ गाड्यांत हेच होणार आहे.

आदल्या दिवशीच प्रत्येकाने आपलं ऑइल, फिल्टर आणि चेंबरच्या नटाचा नवा वायसर घरात आणून ठेवायचा. रविवारी ऐनवेळी कुठेतरी मिळेल या भरवशावर राहू नये. ऑइल किती आणि कोणत्या ग्रेडचं, हे गाडीच्या पुस्तकात बघायचं, शेजाऱ्याच्या गाडीवरून ठरवायचं नाही. उदाहरणार्थ मारुतीच्या १२०० सीसी के-सिरीज पेट्रोल इंजिनाला फिल्टरसकट साधारण ३.१ लिटर लागतं, म्हणजे ३ लिटरचा डबा किंचित कमी पडतो. बीएस-६ डिझेल ज्यांची आहे त्यांनी डब्यावर सी-२ किंवा सी-३ (कमी राखेच्या ऑइलच्या ग्रेड) यातलं पुस्तकात सांगितलेलंच आहे ना हे तपासावं. साध्या ऑइलची राख डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) साचते आणि ती जळून जात नाही.

इंजिन ५ मिनिटं चालवून बंद करा. कोमट ऑइल चटकन आणि गाळासकट उतरतं. घाटातून नुकतीच आलेली गाडी असेल तर अर्धा तास थांबा, ते ऑइल हात भाजतं. वरचं झाकण उघडून ऑइल मोजायची पट्टी थोडी ओढून ठेवा, म्हणजे हवा आत जाऊन धार नीट पडते.

चेंबरचा नट बऱ्याच मारुती-ह्युंदाईला १७ चा असतो. सहा कोनी गोटीच (नटावर टोपीसारखी बसणारी सॉकेट) वापरा. बारा कोनी गोटीने किंवा उघड्या पान्याने जुन्या नटाचे कोपरे गोल होतात आणि मग सगळी फेरी अडते. नट हाताने सोडवताना शेवटचे दोन आटे आत दाबत फिरवा आणि मग झटकन बाजूला घ्या. धार सुरुवातीला लांब पडते, त्यामुळे परात अर्धा फूट पुढे ठेवा आणि ऑइल कमी झालं की मागे ओढा. धार थांबून थेंब लागेपर्यंत १० मिनिटं जातात. तेवढ्यात एअर फिल्टर उरकून घ्या.

जुना फिल्टर काढला की लगेच त्याचं तोंड बघा : रबराची रिंग त्याच्यावरच आहे ना? कधीकधी ती इंजिनाला चिकटून मागे राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसवला की दोन रबरं एकावर एक येतात. गाडी सुरू झाल्यावर दाब चढतो, रबर एका बाजूने सरकतं आणि काही सेकंदांत सगळं ऑइल जमिनीवर. म्हणून जुनी रिंग जाणकाराच्या हातात दिल्याशिवाय नवा फिल्टर लावायचा नाही, असा नियमच करा. इंजिनाची बसायची जागा स्वच्छ कापडाने पुसा, नव्या रबराला बोटाने ताजं ऑइल लावा. रबर टेकेपर्यंत हाताने फिरवा आणि तिथून पाऊण वेढा. फिल्टर काढायचा पट्टा-पाना फक्त काढायला, लावायला नाही.

चेंबरचा नट नव्या वायसरसकट आधी पूर्ण हाताने चढवा. हाताने चढत नसेल तर आटे वाकडे धरलेत, मागे घ्या. नंतर टॉर्क रेंच, पुस्तकात असेल तेवढा. या गाड्यांत तो आकडा बहुधा ३५ ते ४० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो.

भरताना सांगितलेल्यापेक्षा पाव लिटर कमी ओता. वरचं झाकण लावून सुरू करा. ऑइलचा लाल दिवा चार-पाच सेकंदांत गेला पाहिजे. नाही गेला तर तत्काळ बंद, रेस तर मुळीच करायची नाही. एक मिनिट चालवून बंद करा, टॉर्च मारून नट आणि फिल्टरभोवती बघा. मग गाडी जमिनीवर उतरवून, पाच मिनिटं थांबून पट्टी बघा आणि उरलेलं थोडं थोडं घाला. पुढून उचललेल्या गाडीत पट्टीचं माप खोटं येतं. वरच्या खुणेच्या पलीकडे भरणंही वाईटच. फिरणारा क्रँक ऑइलला फेस आणतो आणि फेसाने बेअरिंगला दाब मिळत नाही.

एअर फिल्टरला कॉम्प्रेसरची हवा मारायची तर आतल्या बाजूने बाहेर, कमी दाबाने आणि वीतभर अंतरावरून. जोरात मारली तर कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. उसाच्या हंगामात गावाकडच्या रस्त्यांनी फिरलेली गाडी असेल तर हवा मारत बसू नका, बदला.

---

घाटउतार

ब्रेकवर मला थोडं सविस्तर बोलायचं आहे. कोल्हापूरकरांची गाडी आज ना उद्या कोकणात उतरतेच, मग तो आंबा घाट असो, करूळ असो की फोंडा.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट-४ (ब्रेक ऑइलची एक ग्रेड) ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. डॉट-३ ची त्याहून खाली, १४०. लांब उतारावर पाय सतत ब्रेकवर असला की कॅलिपरमधलं (चाकापाशी पॅड दाबणाऱ्या भागातलं) ऑइल एवढं तापू शकतं. ऑइलची वाफ झाली की वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ खाली जातं. म्हणूनच साधारण दर २ वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायला सांगतात. रंग काळा झाला की बदलू, हे चुकीचं आहे. रंगावरून पाणी कळत नाही.

तरीही हे काम तुमच्या दिवसात सगळ्यांच्या हातात देऊ नका. लाइनीतली हवा काढताना ब्रेक ऑइलची वरची टाकी एकदा रिकामी झाली की हवा एबीएसच्या (ब्रेक लावल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) ब्लॉकमध्ये शिरते. ती काढायला अनेक गाड्यांत स्कॅनर जोडून पंप फिरवावा लागतो. एका गाडीवर दाखवा : निपलला (कॅलिपरवरच्या हवा काढायच्या तोटीला) पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ताज्या ऑइलमध्ये बुडवलेलं, आत बसलेला माणूस ‘दाबलं’ म्हणतो, निपल पाव वेढा सैल, निपल बंद, मगच ‘सोडा’. हा क्रम उलटला तर हवा आत जाते, हेच लोकांना बघू दे. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तकाप्रमाणे.

मात्र पॅड मोजणं प्रत्येकाने करावं. टायर आलटून-पालटून लावण्यासाठी चाक काढलेलं असतंच. कॅलिपरच्या खिडकीतून आतला आणि बाहेरचा असे दोन्ही पॅड बघा, लोखंडी पट्टी सोडून फक्त घासणारा मसाला मोजा. ३ मिलिमीटरपर्यंत आला तर नवे घ्यायची वेळ, २ ला गाडी रस्त्यावर नको. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच झिजलेला दिसला तर कॅलिपरची सरकणारी पिन अडकली आहे. पॅड बदलून भागणार नाही, पिन साफ करून सिलिकॉन ग्रीस लावावं लागेल. साधं पिवळं ग्रीस तिथे लावू नका, पिनेवरचं रबर फुगतं.

मागच्या ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने ओलं करून चिंधीने पुसा.

आणि चाकाचे नट. मारुतीचे १२ बाय १.२५ आट्यांचे, ह्युंदाईचे १२ बाय १.५. दोन्ही नट हातात सारखेच वाटतात. दोन गाड्यांचे नट एका ताटलीत मिसळले की एखादा दीड वेढा चढतो आणि अडतो, आणि पान्याने जोर लावला की स्टडच जातो. प्रत्येक गाडीला वेगळा डबा, डब्यावर गाडीचा नंबर. नटांना ऑइल किंवा ग्रीस लावू नका. त्याच टॉर्कला मग स्टड जास्त ताणला जातो. समोरासमोरचे आवळत जा. शेवटचं आवळणं चाक जमिनीला टेकल्यावर, पुस्तकातल्या आकड्याला, लहान गाड्यांत तो साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. ५०-१०० किलोमीटरनंतर एकदा पुन्हा तपासायचं.

---

रविवारची_फेरी

तिघांचेही मनापासून आभार. भंगारातलं हेड तर नक्की. पण चार जण पॅड आपल्याच हाताने बदलायचे म्हणून अडून बसलेत, नवे पॅड घेऊनही ठेवलेत. त्यांना काय सांगू?

---

घाटउतार

करू द्या, पण एका वेळी एकच गाडी आणि शेजारी जाणकार. यात लाइन उघडत नाही, त्यामुळे हवा शिरायचा प्रश्न नाही. तीन गोष्टी सांभाळा. पिस्टन मागे ढकलण्याआधी वरच्या टाकीतली पातळी बघा. मध्ये कोणी ऑइल भरून ठेवलेलं असेल तर ते उतू जाऊन रंग खातं. सांडलंच तर पुसत बसू नका, भरपूर पाणी ओता. कॅलिपर नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. काम झाल्यावर इंजिन सुरू करण्याआधी पेडल टणक होईपर्यंत दाबा. मागे ढकललेला पिस्टन पॅडला टेकेपर्यंत पहिले दोन-तीन दाब रिकामे जातात, आणि शेडमधून गाडी मागे घेताना ब्रेकच लागत नाही. चावी जाणकाराच्या खिशात असू दे, पेडल त्याने दाबून बघितल्यावर द्यायची.

---

बारा_व्होल्ट

जमिनीवरच्या १० गाड्यांसाठी बॅटरीचं टेबल लावा. ६०० रुपयांचा मल्टिमीटर आणि १० चा पाना, एवढ्यात बरंच शिकता येतं.

गाडी रात्रभर उभी असेल तर १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. स्टार्टर मारताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरीवर संशय घ्या. सुरू झाल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ दिसतो. पण नव्या गाड्यांत अल्टरनेटर मुद्दाम कमी-जास्त होतो, तिथे १२.८ दिसलं म्हणून घाबरू नका. दिवे, पंखा सगळं लावून पुन्हा बघा.

काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस. प्लस आधी सोडायला गेलात आणि पाना बोनेटच्या पत्र्याला टेकला तर सरळ शॉर्ट होतो. हातातलं कडं, अंगठी, गळ्यातली चेन फाटकातच काढून ठेवायला सांगा. बॅटरीवर सोन्याची अंगठी क्षणात लाल होते. ओढणी आणि लांब बाह्या सुरू इंजिनाच्या पट्ट्याजवळ नकोत, तिथे कापडी हातमोजेही नकोत. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुवा, वाळवा, घट्ट करा आणि वरून पेट्रोलियम जेली. मायनसवर छोटा काळा सेन्सर दिसला तर चार्जरचा चिमटा त्या टर्मिनलवर न लावता बॉडीच्या बोल्टवर लावायचा. नाहीतर गाडीला चार्जिंगचा हिशोब लागत नाही.

इलेक्ट्रिक गाडीच्या मालकालाही बोलवा, पण नारिंगी रंगाच्या केबलपासून लांब. टायरची हवा, केबिन फिल्टर, वायपर, १२ व्होल्टची बॅटरी, ब्रेक ऑइलची पातळी, एवढं पुरे. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, ते कोणत्याच गाडीत उपटायचे नाहीत. सीएनजीच्या चारही गाड्यांचं टाकीवरचं चाचणीचं लेबल वाचायला लावा, ती दर ३ वर्षांनी होते. गॅसच्या जोडणीला पाना लावायचा नाही.

प्लगबद्दल : इंजिन पूर्ण गार हवं, म्हणून सकाळी आठलाच, एकाच गाडीवर. काढण्याआधी खोबणीतली माती हवेने उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग गोटी आणि एक्स्टेन्शनने, हँडल न लावता, बोटांनी चढवायचा. कुलंट त्या दिवशी बदलू नका. तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडणं धोक्याचं आणि आत अडकलेली हवा काढायला वेळ लागतो. गार असताना टाकीतली पातळी बघा, रंगावरून एकात दुसरं मिसळू नका, बोअरचं पाणी तर नकोच.

---

जयंती_नाल्याकाठी

कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. १६ गाड्यांचं मिळून ५० ते ६० लिटर जळकं ऑइल निघेल. २० लिटरचे ४ घट्ट झाकणाचे कॅन आधीच आणा आणि घेऊन जाणारा आदल्या आठवड्यातच ठरवा. वापरलेलं ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतं. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेलं पाहिजे, सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला कोणी मागितलं तरी देऊ नका. त्यात कुलंट किंवा ब्रेक ऑइल मिसळलं तर ते घ्यायला कोणी तयार होत नाही, म्हणून त्यांना वेगळ्या लहान बाटल्या. जुने फिल्टर तोंड खाली करून जाळीवर दिवसभर निथळू द्या. इंजिन ऑइल जमिनीवर सांडलं तर पाणी मारायचं नाही. लाकडाचा भुसा टाका, पायाने रगडा, झाडून पोत्यात भरा. गटारात गेलेलं ऑइल शेवटी पंचगंगेतच जातं आणि तिची अवस्था आपण रोज बघतोच.

आणखी एक काम घ्या, पैसे लागत नाहीत. प्रत्येकाने आपल्या गाडीचं हवा ओढणारं तोंड शोधायचं आणि जमिनीपासून टेपने मोजायचं. काही गाड्यांत ते हेडलाइटच्या मागे, अपेक्षेपेक्षा बरंच खाली असतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर हा आकडा इथल्या प्रत्येक गाडीवाल्याला पाठ असायला हवा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्यावर स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करून बघायचीच नाही. आधी बॅटरीचा मायनस, मग एअर फिल्टर ओला आहे का, पट्टीवरचं ऑइल दुधाळ आहे का, आणि प्लग काढल्याशिवाय क्रँक फिरवायचा नाही. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. नदीकाठच्या गल्लीत राहणाऱ्यांनी ३९ ची वाट न बघता गाडी उंचावर न्यावी.

पावसाआधीचं म्हणून वायपरखालच्या जाळीतला पाचोळाही काढायला लावा. तिथली भोकं बुजली की पाणी केबिनच्या पंख्यातून पायाशी उतरतं.

---

रविवारची_फेरी

ठरलं. ऑइल १६ गाड्या, पॅड ४, पैकी ज्यांचं ऑइलही आहे त्यांचं एकाच फेरीत. ब्रेक ऑइल आणि प्लग फक्त दाखवायला. बाकी टेबलांवर. संध्याकाळी फाटकावर काय काय बघून गाडी सोडायची?

---

उद्यमनगरचा_पाना

जो जाणकार त्या गाडीवर नव्हता, त्याने तपासायचं. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. चाकाचे नट टॉर्क रेंचने, ऑइलची पट्टी, ऑइलचं झाकण, ब्रेकचं पेडल, बॅटरीच्या टर्मिनल, बोनेटखाली राहिलेली चिंधी किंवा पाना. मग गाडीखाली पांढरा पुठ्ठा टाकून ती १० मिनिटं चालू ठेवायची. शेडच्या आवारात एक फेरी, दोनदा जोरात ब्रेक. पुठ्ठ्यावर एसीच्या पाण्याशिवाय काही दिसलं नाही तर सोडा.

तीन वाजता नवी गाडी उचलणं बंद करा. मे महिन्यात दुपारनंतर वळीव आला आणि वीज गेली तर घोड्यांवरची गाडी अंधारात उतरवायची वेळ येऊ नये. अग्निशामक नळकांडी ६ किलोची दोन, एक दाराशी आणि एक मधल्या खांबाला. बॅटरीवर चालणारे टॉर्च प्रत्येक जागी एक. आणि गोट्यांचे डबे संध्याकाळी मोजून बंद करा. १० ची गोटी सगळ्यात आधी हरवते, तिच्या चार-पाच जास्तीच्या ठेवा.